एअर पिस्तूलचा सराव घरच्या घरी आणि कमी खर्चात: 4 मीटरच्या खोलीपासून पहिल्या मॅचपर्यंत

पॅरिसमध्ये 2024 ला मनू भाकरने 10 मीटर एअर पिस्तूलमध्ये ब्राँझ काढलं, मग सरबजोत सिंगबरोबर मिक्स्ड टीममध्ये अजून एक, आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेऊन आला. तेव्हापासून नवीन शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पिस्तूल कुठलं घेऊ?" माझं म्हणणं असं की पिस्तूल शेवटी घ्या. आधी घरात भिंत तयार करा, हात तयार करा, मग उरलेल्या पैशात जे बसेल ते घ्या. या खेळात स्कोअरचा मोठा भाग छर्रा न उडवताच तयार होतो आणि त्याला जवळपास शून्य खर्च आहे.

अजून एक. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक गॅरेजमध्ये बसून काडतुसांच्या रिकाम्या केसेस पुन्हा भरताना दिसतात, आणि मग इकडे कोणीतरी विचारतं की आपण का नाही करू शकत. तिकडे तो कायदेशीर छंद आहे, इकडे शस्त्र कायदा 1959 प्रमाणे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा सरळ गुन्हा आहे, तेव्हा तो विषय सोडा. आपल्याकडे कमी बजेटमध्ये हँडगन शूटिंग शिकायचा रस्ता म्हणजे 4.5 मिमी एअर पिस्तूल. आर्म्स रूल्स 2016 मध्ये मर्यादा स्पष्ट आहे: बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 4.5 मिमी म्हणजे .177 इंचापर्यंत आणि मझल एनर्जी, म्हणजे नळीतून निघताना छर्र्याची ऊर्जा, 20 जूलपर्यंत असेल तर लायसन्स लागत नाही. मॅच पिस्तूल यात आरामात बसतं, 0.45 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 150 मीटरने निघाला तर ऊर्जा होते साधारण 5 जूल. पण 5 जूल म्हणजे खेळणं नाही, डोळा जायला एवढं पुष्कळ झालं. दुकानदार ओळखपत्राची कॉपी मागतो, द्या, आणि बिल जपून ठेवा, पिस्तूल नेता-आणताना केसमध्ये बिलाची कॉपी पाहिजेच. आणि पक्ष्यांवर वगैरे नेम धरायचा विचार असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 आहे, आणि हा लेख तुमच्यासाठी नाही.

आधी गणित, कारण पैसे इथेच वाचतात

आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, 10 मीटर पिस्तूल टार्गेटवर 10 ची रिंग 11.5 मिमी व्यासाची असते, पुढची प्रत्येक रिंग 16 मिमीने मोठी, आणि काळा गोल 59.5 मिमी. छर्रा स्वतः 4.5 मिमीचा आणि त्याची कड रिंगला टेकली तरी वरचा पॉइंट मिळतो, म्हणजे छर्र्याचं केंद्र मधल्या बिंदूपासून 8 मिमीपर्यंत कुठेही पडलं तरी 10.

आता दोन चुका बघा. पहिली, तुमचा हात थरथरतोय पण साइट्स (नेम धरायचा पुढचा खुंट आणि मागची खाच) एका रेषेत आहेत, सगळं पिस्तूल सरळच्या सरळ 5 मिमी डावीकडे सरकलं. छर्रा 5 मिमी डावीकडे पडेल, स्कोअर 10. दुसरी, हात एकदम स्थिर, पण ट्रिगर ओढताना पुढची साइट मागच्या खाचेत फक्त 1 मिमी बाजूला गेली. दोन साइट्समधलं अंतर 33 सेमी धरलं तर 10 मीटरवर ती चूक तीसपट होते, छर्रा 30 मिमी बाहेर, स्कोअर 7. म्हणून नवीन माणूस "माझा हात हलतो" म्हणून रडत असतो तेव्हा खरा चोर ट्रिगरच्या बोटात बसलेला असतो. हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिम्पिकवाल्यांचाही हलतो. दीड-दोन लाखांच्या पुढचं स्टायर किंवा मोरिनी घेतलं तरी ही 1 मिमीची चूक तशीच राहते, आणि ती घालवायला लागते एक पांढरी भिंत.

खोलीत रेंज बसवणे

10 मीटर घर कोणाकडे असतं. 4 मीटरची मोकळी रेषा मिळाली तरी बास, हॉल ते किचनचं दार, किंवा बेडरूमच्या तिरक्या कोपऱ्यातून. टार्गेट त्याच प्रमाणात लहान करायचं: 5 मीटरला काळा गोल 29.75 मिमी, 4 मीटरला 23.8, 3 मीटरला 17.85. वर्डमध्ये गोल काढा, काळा भरा, जाड कागदावर प्रिंट घ्या आणि पट्टीने मोजून बघा, कारण प्रिंटर बऱ्याचदा "फिट टू पेज" करून गुपचूप लहान करतो. अंतर तुमच्या उभं राहण्याच्या जागेपासून मोजायचं, पिस्तुलाच्या तोंडापासून नाही.

उंचीत बहुतेक जण गडबड करतात. खऱ्या रेंजवर टार्गेटचं केंद्र जमिनीपासून 140 सेमीवर असतं, म्हणून घरीही 140 वर लावलं तर हात खऱ्यापेक्षा खाली जातो आणि खांद्याला चुकीची सवय लागते. हिशोब सोपा आहे. उभं राहून डोळ्याची उंची मोजा, त्यातून 140 वजा करा, जे उरेल त्याला तुमच्या अंतराच्या दहाव्या भागाने गुणा आणि तेवढं डोळ्याच्या उंचीतून कमी करा. समजा डोळा 155 सेमीवर आणि खोली 4 मीटर, तर फरक 15, त्याचे 0.4 म्हणजे 6, टार्गेट लावायचं 149 सेमीवर.

लाइट टार्गेटवर पाहिजे, डोळ्यावर नाही. टार्गेटच्या वर पुढच्या बाजूला एक एलईडी लावा आणि तुमच्या समोरची खिडकी पडद्याने झाका. दुसरा डोळा मिटायचा नाही, मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणतात आणि दहाव्या शॉटलाच डोळा दमतो. त्यासाठी ब्लाइंडर, म्हणजे तो डोळा झाकायची पट्टी, मिळते, पण दह्याच्या डब्याच्या अर्धपारदर्शक झाकणाची 30 मिमी रुंदीची पट्टी कापून चष्म्याला किंवा टोपीला अडकवली तरी तेच काम होतं. नियमातही रुंदीची मर्यादा 30 मिमीच आहे, त्यामुळे मॅचला पण चालते.

उभं राहणं आणि पकड

पाय खांद्याएवढे, शरीर टार्गेटला आडवं किंवा थोडं तिरकं, ज्या हातात पिस्तूल नाही तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. शूज सपाट तळाचे आणि घोट्याच्या खाली, घोटा झाकणारे मॅचमध्ये चालत नाहीत, साधे कॅनव्हास शूज उत्तम. आता डोळे मिटा, हात वर घ्या, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. साइट्स टार्गेटच्या डावीकडे दिसल्या तर हात उजवीकडे ओढायचा नाही, मागचा पाय थोडा सरकवून सगळं शरीर फिरवायचं आणि परत डोळे मिटून तपासायचं. जागा पक्की झाली की जमिनीवर दोन्ही पायांभोवती मास्किंग टेप लावून टाका.

ग्रिप मध्यम. साधं शेकहँड करताना जेवढा जोर लावतो तेवढा, आणि पहिल्या शॉटपासून शेवटपर्यंत तोच. महागड्या पिस्तुलाची लाकडी ग्रिप हाताच्या मापाने येते, आपल्या जुन्या किंवा स्वस्त पिस्तुलाची येत नाही, पण लाकडाची पुट्टी किंवा एपॉक्सी पुट्टी घेऊन पोकळ जागा भरता येतात. ओली असताना हातावर पातळ प्लास्टिक गुंडाळून पकडा, ठसा उमटेल, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासा. थोडं थोडं करा, एका दिवसात पूर्ण ग्रिप करायला गेलात तर वाट लागेल. ट्रिगरचं बोट मात्र ग्रिपला कुठेच घासता कामा नये, तिथे लाकूड काढायचं, भरायचं नाही.

पांढरी भिंत

अजून पिस्तूल नसेल तर अर्धा लिटर पाण्याची बाटली किंवा किलोच्या आसपासचं डंबेल घेऊन नुसतं होल्डिंग सुरू करा: 30 सेकंद वर, मिनिटभर आराम, असं पाच-सहा वेळा. मॅच पिस्तूल साधारण किलोभराचं असतं आणि नियमाने 1500 ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. खांदा दुखायला लागला की थांबा, तिथे शौर्य दाखवून काही मिळत नाही.

पिस्तूल आलं की ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न घालता सराव. आधी मॅन्युअल बघा. स्प्रिंगवाल्या पिस्तुलात छर्रा न घालता ट्रिगर ओढला तर पिस्टनचं सील खराब होतं, त्यामुळे त्यात ड्राय फायर करायचंच नाही, फक्त होल्डिंग करायचं. पीसीपी, म्हणजे आधीच दाबाने हवा भरलेल्या सिलिंडरवर चालणाऱ्या, मॅच पिस्तुलात ड्राय फायरची वेगळी सोय असते आणि सिंगल स्ट्रोक पंपवाल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये हवा न भरता ट्रिगर सेट करता येतो. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी चेंबर उघडून नजरेने बघायचं की आत छर्रा नाही, आणि छर्र्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवायचा. हे रोज, न चुकता, "आत्ताच तर बघितलं" असं म्हणायचं नाही.

सुरुवातीला टार्गेटच नको. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहा, पिस्तुलाचं तोंड भिंतीपासून हातभर लांब, आणि फक्त साइट्स बघा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध, वरच्या कडा एका पातळीत, दोन्ही बाजूला सारखा उजेड. नजर पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर, एवढी की त्या कडेवरचा ओरखडा दिसला पाहिजे. मग ट्रिगरवर दाब वाढवत जायचा आणि तो सुटतो त्या क्षणी पुढची साइट कुठे उडी मारते ते बघायचं. उजव्या हाताने खेळणाऱ्यांची बहुतेक वेळा डावीकडे खाली जाते. का, तर बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते. फक्त बोटाचा पहिला पेर सरळ मागे आला पाहिजे, बाकी हात मेल्यासारखा. भिंत कोरी असल्यामुळे "आता 10 दिसतंय, ओढ पटकन" हा मोह होत नाही आणि ट्रिगर स्वच्छ होतो.

ट्रिगर सुटल्यावर लगेच हात खाली टाकायचा नाही, दोन सेकंद तसंच बघत राहायचं, याला फॉलो थ्रू म्हणतात आणि स्वस्तातल्या हळू पिस्तुलांना तो जास्तच लागतो कारण छर्रा नळीत जास्त वेळ असतो. हात स्थिर झाल्यावर पाच ते आठ सेकंदात शॉट गेला पाहिजे. दहाच्या वर गेलं तर हात खाली, श्वास, परत. न मारलेला शॉट खाली आणणं हे पण एक स्किल आहे आणि त्याचा सराव फुकट होतो.

भिंतीवर साइट हलायची थांबली की मग ते छोटं टार्गेट लावा. नेम काळ्याच्या मध्यावर धरायचा नाही, काळ्या साइट्स काळ्या गोलात हरवतात. गोलाच्या खाली पांढरा पट्टा सोडून तिथे धरायचं, त्याला सब सिक्स म्हणतात, आणि मागच्या साइटच्या क्लिकने छर्रा वर मध्यावर आणायचा. टार्गेट धूसर दिसतं, दिसू द्या. 20 मिनिटं रोज पुरतात. रविवारी तीन तास आणि बाकी आठवडा शून्य, याचा उपयोग नाही.

ट्रिगरचं वजन बाटलीने

नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा हवा, म्हणजे तेवढ्या वजनाच्या आत तो सुटता कामा नये, आणि मॅचला तो तपासतात. तपासायचं वजन विकत घ्यायची गरज नाही. छोटी बाटली, एक जाड वायरचा हुक, किचनमधला डिजिटल काटा. बाटली, हुक, झाकण आणि पाणी मिळून बरोबर 500 भरेपर्यंत पाणी घाला. रिकामं पिस्तूल कॉक करा, नळी सरळ छताकडे, हुक ट्रिगरच्या मधोमध, आणि बाटली टेबलावरून सावकाश उचला. बाटली उचलली गेली आणि ट्रिगर सुटला नाही म्हणजे पास. काठावर ठेवू नका, 510-520 ला ठेवा, थंडीत आणि प्रवासात थोडं इकडे-तिकडे होतं.

पिस्तूल घेताना

आयातीवर निर्बंध आहेत, सवलत नामांकित नेमबाजांना आणि रायफल क्लबना मिळते, त्यामुळे नवीन मॅच पिस्तूल आपल्याकडे महागच पडतं. म्हणून आधी क्लबचं पिस्तूल भाड्याने वापरा. मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पुण्यात बालेवाडी, पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब, कोल्हापूरला तर विचारायलाच नको. सेकंड हँड घेणार असाल तर पीसीपीमध्ये पहिल्यांदा सिलिंडरवरची तारीख बघा. आयएसएसएफमध्ये उत्पादनापासून 10 वर्षांच्या पुढचा सिलिंडर चालत नाही आणि जुना झालेला 200 बारचा सिलिंडर हातात धरणं तसंही शहाणपणाचं नाही. विकणारा तारखेबद्दल बोलतच नाही, पिस्तूल "एकदम टकाटक" एवढंच सांगतो, आणि मग नवीन सिलिंडरचा खर्च वर बसतो. सिंगल स्ट्रोक पंपवालं घेतलंत तर सिलिंडर, हवा भरणं ही सगळी भानगडच नाही, प्रत्येक शॉटला एक पंप. 60 शॉट्सला हात भरून येतो खरा, पण घरी सरावाला मला तोच प्रकार आवडतो.

खरा छर्रा मारायचा असेल तर

घरात खरं शूटिंग फक्त बंद जागेत, जिथे टार्गेटच्या बाजूने कोणी अचानक येऊच शकत नाही. दार मध्ये येत असेल तर कडी लावा. डोळ्यांवर गॉगल, बघणाऱ्याच्याही. स्टीलचे गोल बीबी अजिबात नको, ते सरळ परत येतात. शिशाचा छर्रा चपटा होतो, पण उभ्या कडक प्लेटवर तोही उडतो. म्हणून ट्रॅप: फूटभर बाय फूटभर मजबूत खोका, आत 4 मिमी लोखंडी प्लेट 45 अंशात खाली झुकवलेली, म्हणजे छर्रा खाली वळून पडतो, आणि तळाला जुनं कापड. फॅब्रिकेशनवाला भंगारातली प्लेट कापून देतो. त्याच्या मागे भिंतीला अजून एक जाड प्लायवूड, कारण सुरुवातीला एखादा छर्रा खोक्याच्या बाहेर जाणारच.

शिसं विषारी आहे, हे हसण्यावारी नेऊ नका. छर्रे तोंडात धरायचे नाहीत, शूटिंग करताना चहा-बिस्किट नाही, झाल्यावर हात साबणाने. ट्रॅपजवळची जमीन झाडूने कोरडी झाडली तर धूळ हवेत उडते, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं वेगळं ठेवा. लहान मूल रांगत असेल त्या खोलीत खरं शूटिंग नकोच. सोसायटीत शेजाऱ्यांना आणि वॉचमनला आधी सांगा, खिडकीतून पिस्तूल दिसलं तर लोक शंभर नंबर फिरवतात आणि त्यांचं काही चुकत नाही.

छर्र्यांवर किती खर्च करायचा

पुढून सपाट डोक्याचे, म्हणजे वॅडकटर घ्यायचे, ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात. टोकदार कागद फाडतात आणि स्कोअर मोजता येत नाही. पिस्तुलाला हलके, 0.45 ग्रॅमच्या आसपासचे, आरडब्ल्यूएस आर10 चा पिस्तुलवाला डबा असो की सरावाला त्यांचाच हॉबी. डब्यात साधारण 500 येतात, एक मॅच आणि सायटिंग (मॅचआधीचे नेम जुळवायचे शॉट्स) धरून 75-80 जातात, म्हणजे डबा सहा मॅच.

काही जण एक एक छर्रा वजन करून वेगळा काढतात. जरा हिशोब करू. 150 मीटर वेगाने छर्रा 10 मीटर जाईपर्यंत साधारण 22 मिमी खाली येतो. वेगात 1 टक्का फरक पडला तरी तो अर्धा मिमी सुद्धा बदलत नाही, आणि तुमच्याकडे 8 मिमी माफ आहेत. तेव्हा ज्वेलरी काटा घ्यायचे पैसे वाचवा. त्याऐवजी छर्रे काचेवर सोडून घरंगळवा, ज्याचा मागचा घेर चेपलाय तो वेडावाकडा जातो, तो फक्त बाजूला काढा. मॅचसाठी छर्रा निवडायचा तर रेंजवर पिस्तूल टेकवून, क्लबमधल्या मित्रांकडून तीन-चार प्रकारचे थोडे थोडे मागून, प्रत्येकाचे दहा दहा मारा आणि ज्याची भोकं सगळ्यात जवळ त्याचा डबा घ्या. नवीन डबा हवाबंद ठेवा, कोकण-मुंबईच्या दमट हवेत शिशावर पांढरी पूड चढते, सिलिका जेलची पुडी आत टाकली की काम झालं.

वही आणि पहिली मॅच

प्रत्येक शॉटनंतर टार्गेट बघायच्या आधी मनात सांगायचं की कुठे गेला, मग बघायचं. याला शॉट कॉल करणं म्हणतात. सांगितला तिथेच गेला तर 8 असला तरी चिंता नाही, तुम्हाला चूक दिसतेय. सांगितला 10 आणि गेला डावीकडे 7, तर नजर पुढच्या साइटवर नव्हती, परत पांढऱ्या भिंतीवर जा. वहीत स्कोअरपेक्षा हेच लिहा. ग्रुप एकत्र पण मध्यापासून लांब असेल तरच क्लिक फिरवा, विखुरलेल्या ग्रुपवर क्लिक फिरवणं म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर बदलणं.

जिल्हा असोसिएशनमार्फत राज्य स्पर्धेला नाव द्यायचं, तिथून पुढे जी. व्ही. मावळंकर स्पर्धा आणि नॅशनल्स. मावळंकर म्हणजे तेच, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, 1951 मध्ये एनआरएआय, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 15 मिनिटं तयारी आणि सायटिंग, मग 60 शॉट्सना 75 मिनिटं, म्हणजे शॉटला सव्वा मिनिट, घाई करायचं काही कारण नाही. मॅचच्या आदल्या दिवशी ट्रिगर बाटलीने परत तपासा, इक्विपमेंट कंट्रोलमध्ये, म्हणजे मॅचच्या सामान तपासणीत, फक्त तीन प्रयत्न मिळतात.